बंद फाइल आणि मुका भोंगा

अन्याय झाला तो खाडीत मासळी धुणाऱ्या बायकांवर, आणि त्यांच्यातल्याच एकीच्या पुतणीवर. झाला १९९८च्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, पंखा चालू असताना, चहा पिता पिता. हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे अन्यायाची गोष्ट काढली की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "कधीचं म्हणता?" आणि जुनं निघालं की त्याला हायसं वाटतं. हे जुनं नाही. त्या खोलीतली ती फाइल आजही चालू आहे, आणि भोंगा आजही मुका आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. तारापूरच्या बाजूची एक खाडी, एवढं पुरे. माणसांची नावंही नाहीत. त्या पुतणीनंच मला बजावलंय, "नाव टाकलंस तर तुज्या पत्रकाची होडी करून पाण्यात सोडीन."

मी पालघरचा. कॉलेज अर्ध्यात टाकून पत्रकं लिहायचो आणि बोईसर स्टेशनबाहेर वाटायचो. औद्योगिक वसाहतीतल्या पाण्यावर मी इतकी पत्रकं लिहिली की शेवटी शेवटी लोक हात पुढे करून न वाचताच घडी घालायचे आणि त्यात वडापाव धरायचे. पत्रकं टाइप करून घ्यायला बोईसरच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये जायचो. तिथे ती शिकवायची. डिप्लोमा झालेली, खाडीकाठच्या गावातली, काकीनं वाढवलेली. काकी मासळी सुकवून विकते. पोरगी क्लासमध्ये मुलांशी छापील मराठीत बोलायची आणि माझ्याशी गावच्या बोलीत, म्हणजे मला आपला समजायची की गावठी, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा माझं पत्रक टाइप करून झाल्यावर तिनं विचारलं, "तुज्या या तीन उद्गारचिन्हांनी पाण्याची जळजळ कमी झाली का रे?"

मी म्हटलं, "जागृती होते."

"जागृती आमच्या बायांना पाण्यात हात घातल्यावर होते. त्याच्या आदी व्हायला पायजे."

हे खरं होतं. कोणीतरी वसाहतीतून आम्लाचं पाणी सोडायचं. कधी सोडेल याचा नेम नाही. पावसाळ्यात तर रंगही कळत नाही, सगळंच गढूळ. बाया ओहोटीला टोपल्या घेऊन उतरायच्या, बोंबील, मांदेली खळबळून धुवायच्या, आणि हाताची कातडी चुरचुरायला लागली की मग कळायचं. तोवर टोपलीतला माल गिळगिळीत झालेला. तो वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवाच्या, बांबूवर टांगला तरी सुकत नाही, नुसता कुजतो. तो वास मला अजून येतो. लिहितानाही येतो.

तिनं ठरवलं की पाण्यानंच ओरडून सांगायचं. सोसायटीच्या खोलीत एक जुना कम्प्युटर धूळ खात होता. पाण्याचा आंबटपणा मोजणारी काचेची नळी मिळाली, मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारातून एक कार्ड आणलं, जे नळीकडून येणारा इशारा कम्प्युटरला आकडा करून देतं, आणि भंगारातल्या ट्रकचा भोंगा आणला. नळी खाडीत, वायर खोलीपर्यंत; पाणी आंबट होईल तसा आकडा खाली येतो, तो सहाच्या खाली घसरला की भोंगा वाजणार आणि बाया पाण्याबाहेर येणार. बेत एवढाच. त्यात क्रांती वगैरे काही नव्हती, म्हणून मला तो सुरुवातीला आवडलाच नव्हता.

कम्प्युटरवर तिनं लिनक्स टाकलं, म्हणजे कम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम. मासिकाबरोबर सीडी आली होती. लिनक्सची गंमत अशी की ते जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून लिहिलंय, फुकट मिळतं, आणि आतला प्रत्येक शब्द, म्हणजे त्याचा सोर्स, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. पण आमचं भंगार कार्ड त्या लोकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या कार्डाची लिनक्सशी ओळख करून देणारा प्रोग्रामचा छोटा तुकडा लागतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. तो तिनं लिहिला. क्लासच्या बॅचेस सुटल्यावर, क्लासच्याच कम्प्युटरवर. क्लासच्या मालकाला, म्हणजे सरांना, विचारून. सर म्हणाले होते, "कर, कर. क्लासचं नाव होईल." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मी तिला शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, "हे त्या मुख्य लिनक्सवाल्यांनाच पाठव ना. त्यांच्या सामानात गेलं की जगभर जाईल."

"जगात हे भंगार कोणाकडं हाय? त्यांच्या गळ्यात कशाला बांधू?"

"पण मग ते बाहेरचंच राहणार."

"बाहेरचं म्हणजे परकं नाय रे. बोट बांधणारा बोट बांधतो. मशीन आपण आणतो, आपण बसवतो. त्याला सांगतो का, बाबा, तू बांधशील त्या समद्या बोटींत माजंच मशीन घाल? नाय. पण मशीनचा पाया बसवताना मापं त्याच्याच बोटीची घेतो. तसंच हे."

मग तिनं दाखवलं. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याचं सगळं सामान एका फोल्डरमध्ये. तिचं मॉड्यूल त्याच्या बाहेर, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. मॉड्यूल बांधताना ते कर्नलच्या फोल्डरमधली मापं वाचतं आणि त्यांना जुळेल अशी फाइल तयार होते. ती तयार फाइल म्हणजे नुसते यंत्राचे आकडे, माणसाला वाचता येत नाही. उद्या नवा कर्नल आला की जुनी फाइल बसत नाही, पण काळजी नाही, नवी मापं घेऊन परत बांधायची. बिडी ओढून होईपर्यंत होतं. फक्त सोर्स हाताशी पाहिजे.

सोर्सच्या डोक्यावर तिनं परवाना लिहिला होता, लिनक्सचा जो आहे तोच. फुकट घ्या, बदला, विका सुद्धा. पण तयार फाइल ज्याला द्याल त्याला मागितल्यावर सोर्सही दिला पाहिजे. मला हे एकदम पटलं. पत्रकापेक्षा बरं लिहिलं होतं त्यांनी. उद्गारचिन्ह एकही नाही.

भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा गावातले बाप्ये धावत आले, मासळीचा ट्रक आला म्हणून. ट्रक कुठेच नाही, आणि बाया कासोटे आवरत टोपल्या घेऊन काठावर चढताहेत. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या घरवाल्यानं जन्मात कदी येळेवर हाक मारली नाय, यो भंगारवाला मारतो." तो पावसाळा आणि त्यानंतरचा हंगाम भोंग्यानं संभाळला. दर आठवड्याला पोरगी नळी आधी चिंचेच्या कोळात बुडवायची, मग साबणाच्या पाण्यात. कोळात आकडा धाडकन खाली आला आणि भोंगा ओरडला की समजायचं, ठीक आहे. तो चिंचेचा कोळ काकी मग आमटीत घालायची. मी ती आमटी खाल्लेली आहे.

आता त्या दिवसाकडे येतो.

नारळी पौर्णिमेच्या आधी खाडीकाठी सगळं नवं करतात. बोटींना रंग, नवे बावटे, मशीन खोलून साफ. सोसायटीच्या चेअरमनना वाटलं, बोट नवी तर कम्प्युटर का जुना? आता कम्प्युटरला बावटा लावता येत नाही, म्हणून त्यांनी सरांना निरोप धाडला, नवी सीडी आली असेल तर टाका. पोरगी तेव्हा बहिणीच्या बाळाच्या बारशाला दातिवऱ्याला गेली होती. सरांनी क्लासमधला माणूस पाठवला. त्यानं नवं लिनक्स टाकलं, आणि जे सीडीत नव्हतं ते सगळं पुसलं.

ती परत आली ती थेट सोसायटीत. मी बरोबर होतो. क्लासचा माणूस कम्प्युटरपुढे खुर्चीवर बसून होता, बाजूला सर आणि चेअरमन चहा घेत होते. ती म्हणाली, माझं फोल्डर कुठाय?

"मैडम, वो लिनक्स का थोड़ी था," तो म्हणाला, अगदी निरागसपणे. "सीडी में नहीं था। बाहर का कचरा समझ के उड़ा दिया।"

त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं ते त्यानं केलं. वेगळं बांधलेलं म्हणजे कोणाचंच नाही, हे त्याला शिकवणारा समोरच बसला होता, बशीत चहा ओतून फुंकर घालत.

तिच्या फ्लॉपीवरची प्रत खाऱ्या हवेनं बुरशी धरून गेली होती, हे तिला आधीच माहीत होतं. उरली क्लासच्या कम्प्युटरवरची. ती सरांना म्हणाली, "सर, क्लासमधली माझी प्रत द्या. नव्या कर्नलवर परत बांधते."

सर म्हणाले, "तुझी कशी? क्लासच्या मशीनवर बनलं ते क्लासचं."

"बॅचेस सुटल्यावर बनवलं. तुम्हाला विचारून."

"लाइट कोणाची होती?"

आणि चेअरमन हसले. खो खो हसले. मला त्या हसण्याची जितकी शिसारी आली तितकी आयुष्यात कुजक्या बोंबलाची आली नाही.

मग सरांनी खिशातून फ्लॉपी काढली. "काळजी कशाला करता? नव्या सीडीला चालेल अशी फाइल करून आणलीय. सोसायटीला आमच्याकडून भेट." म्हणजे सोर्स त्यांनी उघडला होता, वाचला होता, नवी मापं घेऊन बांधला होता, आणि आणली होती फक्त बंद फाइल. माणसानं ती चढवली. पूर्वी मॉड्यूल चालू झालं की पडद्यावर एक ओळ यायची, तिच्या गावाचं नाव आणि "खाडीसाठी". आता ओळ आली, क्लासचं नाव आणि खाली "सर्व हक्क राखीव". जगातल्या अनोळखी लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या घराला टेकून एका पोरीनं उघडी पडवी बांधली, आणि हा गृहस्थ पडवीला कुलूप लावून पाटी टांगून गेला. वर दुसऱ्या दिवशी, समुद्राला नारळ वाहून झाल्यावर, चेअरमननी त्याला शाल दिली. श्रीफळही दिलं. मी तिथे उभा होतो. मला टाळ्या ऐकू येत होत्या.

पोरगी टाळ्या संपेपर्यंत थांबली आणि मला म्हणाली, "चल. माज्यानं बगवत नाय." पुढच्या महिन्यात तिनं क्लास सोडला.

त्यानंतर भोंगा वाजला नाही, आणि मशीन आता सरांच्या ताब्यात म्हणून चिंचेची चाचणीही बंद होती. आधी आम्हाला वाटलं, पाणी सुधारलं. मी तर पत्रकही लिहायला घेतलं होतं, विजयाचं. तेवढ्यात एका सकाळी काकी ओहोटीला उतरली. नेहमीसारखी दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. भोंगा गप्प, म्हणून निर्धास्त. आधी कितीतरी वेळा चुरचुरताच हात काढून घेणारी बाई त्या दिवशी चुरचुरलं तरी धुवत राहिली, म्हणाली, "भोंगा नाय ना वाजला, मंग माजीच काय तरी खाज आसंल." हे मला सगळ्यात जास्त लागलं. तिनं स्वतःच्या कातडीपेक्षा त्या यंत्रावर विश्वास ठेवला होता, कारण यंत्र पुतणीनं बांधलेलं होतं. हात सुजले, बोटांच्या बेचक्यांतून सालपटं निघाली. कालवण ढवळायला पळी धरता येईना. काठच्या चिखलात निवट्या मासोळ्या उताण्या पडल्या होत्या, पांढऱ्या पोटाच्या. खोलीत पडद्यावर आकडा होता साडेसहा.

पोरीनं घरून चिंचेचा कोळ आणला. चेअरमनच्या समोर नळी त्यात बुडवली. आकडा सातावरून घसरला, पावणेसात, साडेसहा, आणि थांबला. तिनं नळी धुतली, परत बुडवली. परत साडेसहा. कोळात अख्खं लिंबू पिळलं. साडेसहा.

"चेअरमन काका, बघा. चिंच आणि लिंबू, तरी साडेसहा."

चेअरमन वाकून वाटीत बघत म्हणाले, "चिंच जुनी आसंल."

"चिंच जुनी झाली की गोडी होते काय?"

"मंग कम्प्युटर काय खोटं बोलंल?"

ती मला बाहेर येऊन म्हणाली, "नळी बिगडली तर आकडा डळमळतो. हा डळमळत नाय. येतो आन् थांबतो. दर टायमाला तितंच. कोणी तरी आत लिवलंय, याच्या खाली जाऊ नको."

मी भडकलो. सर वसाहतीतल्या काही कारखान्यांच्या ऑफिसातले कम्प्युटर संभाळतात, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, मुद्दाम केलंय, मी छापतो. तिनं माझा कागद ओढून घेतला. "मुद्दाम केलं का चुकून झालं, ते सोर्स बगितल्याबिगर तुला म्हाईत हाय का? नाय ना? मंग छापू नको." म्हणून छापत नाही. मला जे माहीत आहे तेवढंच लिहितो. आत काय आहे ते पाहू देत नाहीत. एवढ्यावरच माझी किळस पुरेशी आहे. झाकलेल्या टोपलीत ताजी मासळी असेलही, पण जो झाकण उचलू देत नाही त्याच्याकडून कुठली कोळीण माल घेते?

तिला सगळं परत लिहायचं होतं. लिहिलंही असतं. पण कार्ड सोसायटीच्या कम्प्युटरमध्ये, आणि चेअरमनचा हुकूम, "मशीनला हात लावू नको, सरांची गॅरंटी जाईल." भेट दिलेल्या फाइलची गॅरंटी! काकीच्या हातांची गॅरंटी कोण देतो ते मी विचारलं, तर मला सांगितलं, पालघरवाल्यांनी खाडीच्या भानगडीत पडू नये.

मग मी सरांकडे गेलो. क्लासमध्ये, मुलांच्या समोर. म्हटलं, परवान्यात लिहिलंय, सोर्स द्या.

सर शांतपणे म्हणाले, "परवाना नीट वाचलास का? मी फाइल ज्याला दिली, तो सोर्स मागू शकतो. तुला दिली का? नाही. तिला दिली का? नाही. सोसायटीला दिली. सोसायटीनं मागितलाय का?"

ओकारी येण्यासारखी गोष्ट ही की माणूस बरोबर बोलत होता. मूळ लिहिणारी म्हणून ती कोर्टात जाऊ शकते, हे खरं. वकील म्हणाला, खेटे घालायची तयारी ठेवा, आणि आजवर असली केस मी पाहिली नाही. तोवर काकी पाण्यात उतरतेच आहे, दुसरं करणार काय? पण सोसायटीला कोर्ट लागत नाही. सोसायटीनं एका ओळीत मागितलं तर नाही म्हणायला सरांकडे तोंड नाही, ते त्यांनीच मला सांगितलं.

आणि सोसायटी म्हणजे कोण? ज्यांच्या नावावर बोट आहे ते. बाप्ये. मासळी धुणारी, सुकवणारी, डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी एकही बाई त्या सोसायटीत सभासद नाही. ज्यांचे हात पाण्यात त्यांची सही चालत नाही, आणि ज्यांची सही चालते त्यांचे हात कोरडे.

मी त्या सभासदांच्या दारोदार फिरलो. एक म्हणाला, सर वाईट वाटून घेतील, पोराला त्यांच्याकडे शिकायला घातलाय. एक म्हणाला, हंगाम चालू हाय, मंग बगू. एक जाळं विणत होता, त्यानं मान वर न करता विचारलं, "सोर्स म्हंजे काय खायाचं हाय का?" त्याची बायको आतून ओरडली, "तुज्यासारक्याला तेच सुचनार!" त्याच्या बायकोचे हातही सोललेले होते. तो त्याच हातचा भात जेवतो.

सरांची मला किळस येते, पण ती साधी आहे, चोराची येते तशी. या सभासदांची येते ती निराळी. चोरानं नेलं ते तरी दिसतं. यांच्या हातात किल्ली आहे आणि ते म्हणतात, दार उघडायला वेळ नाही.

तर तुम्ही, जे हे वाचताय. तुम्ही त्या सोसायटीचे सभासद असाल, किंवा सरांनी हीच फाइल तुमच्या कोळंबीच्या तळ्यावर, तुमच्या शाळेत, तुमच्या कारखान्यात चढवून दिली असेल, तर मागण्याचा हक्क तुमचा आहे. माझा नाही, पोरीचा नाही, काकीचा नाही. कागद घ्या. "आम्हाला दिलेल्या मॉड्यूलचा पूर्ण सोर्स द्या" एवढंच लिहा. तोंडी सांगू नका, चहाला थांबू नका, सर कसे आहेत, घरचे कसे आहेत विचारू नका. सही करा, कागद क्लासच्या टेबलावर ठेवा, सोर्स घेतल्याशिवाय उठू नका, आणि मिळाला की तसाच्या तसा त्या पोरीच्या हातात द्या. पुढच्या ओहोटीच्या आत.